मागची सीट

कुशनमास्तरांना कोणी "बसा" म्हटलं की ते आधी खुर्चीकडे बघायचे. हाताने गादी दाबायचे, कडेची शिलाई नखाने चाचपायचे, "कोणाकडून करून घेतली ही?" असं विचारायचे आणि मगच टेकायचे. घरमालक बिचारा ओशाळून जायचा. एकदा तापाने फणफणलेले असताना डॉक्टरांच्या तपासायच्या टेबलावर आडवे झाले आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर "डॉक्टर, फोम बसलाय तुमचा." आता ह्या माणसाला काय म्हणायचं! पण डॉक्टरांनी ते टेबल नंतर मास्तरांच्याच दुकानात पाठवलं, हेही खरं.

दुकान घराच्या खालीच होतं. पुढे रस्त्याला शटर, मागे जिना, जिन्याने वर दोन खोल्या. पुढच्या भागात मास्तर फोम कापायचे, प्लायवर रेक्झिन ताणून ठोकायचे. मागे शिलाई मशीनवर बायको. कव्हरं शिवायची, कडेला पायपिंग घालायची, हे सगळं काम तिचं. मास्तरांच्या सोफ्याची कड रेघ मारल्यासारखी सरळ असते असं गावभर म्हणायचे, आणि ती रेघ मारणारी बाई मागे बसलेली असायची. गिऱ्हाईक मास्तरांची वाहवा करून गेलं की ती मान वर न करता हसायची. तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. नवऱ्याच्या हाताचं कौतुक तिला सगळ्यांपेक्षा जास्त होतं.

फक्त एक होतं. मशीन भिंतीला लावलेलं होतं. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडासमोर भिंत. मुलगी शिकून, लग्न होऊन परगावी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा एक दिवस ती दोरा तोडता तोडता म्हणाली, "अहो, मला एकदा अशा रस्त्याने जायचंय, की वळणापलीकडे काय आहे ते मला माहीतच नसेल."

मास्तरांना तरुणपणापासून मोटरसायकलचं वेड. ते हातातली कात्री टाकून उठलेच. "मग मोटरसायकलनेच जाऊ! लांब पल्ल्याची घेऊ. तू मागे, मी पुढे. समुद्र बघू, डोंगर बघू."

"पाठ धरते हो माझी. दिवसभर स्टुलावर बसून कामातून गेलीय."

"त्याची काळजी तू करतेस? कुशनमास्तराची बायको?"

तर दोघं गाडी बघायला गेली. दुकानात एकाच जातीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक साधी. दुसरी भरलेली: पुढे उंच काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, थंडीत गरम होणाऱ्या मुठी, आणि मागे बसणाऱ्यासाठी रुंद सीट, पाठीला गादी, हात ठेवायला टेकू. बायको त्या भरलेल्या गाडीवर चढून बसली. पाठ टेकली, हात टेकूंवर ठेवले आणि चक्क डोळे मिटले.

"अहो, इथे झोप लागेल मला!"

विक्रेता तरबेज होता, पण खोटारडा नव्हता. तो म्हणाला, "सर, इंजिन दोन्हींचं तेच आहे. एकटे फिरणार असाल तर साधी बिनधास्त घ्या. पण मॅडम बरोबर येणार असतील तर हीच घ्या. साधीवर मागे फार वेळ बसवत नाही. आणि नंतर करून घेऊ म्हणतात ना सगळे, ते नंतर काही होत नाही. मी रोज बघतो."

एवढं स्पष्ट तर घरचा माणूसही सांगत नाही! पण मास्तरांनी तोवर त्या सीटला हात लावला होता. दाबून बघितली, शिलाई चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "ह्याच्यासाठी मी पैसे मोजू? लोक माझ्याकडे येतात हो सीट करून घ्यायला. बाकीचं लागेल तसं बसवू." पैशांची अडचण नव्हती. जास्तीचे पैसे बाजूला काढून ठेवलेले होते. अडचण नाकाची होती.

आणि गंमत बघा, विक्रेत्याला शेवटचा शब्द बायकोनेच सांगितला. गाडीवरून उतरली, पदर सारखा केला आणि ऐटीत म्हणाली, "साधीच द्या. सीट आमचे हे करणार आहेत. तुमच्या कंपनीला जमायची नाही अशी." मास्तरांची छाती फुगली.

पहिल्याच रविवारी दोघं निघाली. मागची सीट म्हणजे फळीवर कापड गुंडाळलेलं, दुसरं काही नाही. बायको मास्तरांच्या कमरेला धरून सकाळभर बसली, एक शब्द बोलली नाही. चहासाठी थांबले तेव्हा तिला सरळ उभं राहता येईना. मास्तर घाबरले. ती मात्र टपरीच्या खांबाला धरून हसत सुटली. "पुढच्या वेळी सीट झाल्यावरच हं! तोवर तुमच्या गाडीला लांबूनच नमस्कार." मग दोघं अर्ध्या रस्त्यातून परतली.

सीट करायची होतीच. पण वारा छातीवर यायला लागला म्हणून मास्तरांनी आधी उंच काच बसवली. मग सामान कुठे ठेवायचं म्हणून पेट्या बसवल्या. हात गारठतात म्हणून गरम मुठीसुद्धा आल्या. आपल्या बुडाखालचा फोम बदलून घेतला, कारण त्याशिवाय गाडी चालवायची कशी? भरलेल्या गाडीवर होतं ते सगळं हळूहळू ह्या गाडीवर आलं. राहिलं ते तेवढं मागचं.

कामचुकार मात्र मास्तर नव्हते हो. मनात आणलं तेव्हा असे मागे लागले की विचारू नका. बायकोला भिंतीला पाठ लावून बसवलं, पाठ नेमकी कुठे भरते तिथे खडूने खुणा केल्या. खाली कडक फोम, वर मऊ, कमरेपाशी थोडा उंचवटा. रंग तिने निवडला, गडद हिरवा. कव्हर तिनेच शिवलं, आणि पायपिंग इतकी सुरेख घातली की मास्तरांनीही दोनदा बोट फिरवून बघितलं. सीट तयार होऊन टेबलावर ठेवली. आता गाडीवर चढवायची तेवढी बाकी.

त्या संध्याकाळी बायको बाजारात गेली होती आणि चष्मेवाला आला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान, गाडी मास्तरांच्याच जातीची, तीही साधी. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको लांबच्या प्रवासाला निघणार होती. आला होता हवेचा पंप मागायला. नजर गेली टेबलावर.

"मास्तर! काय चीज बनवलीय! जन्मात अशी सीट पाहिली नाही मी. आमची ही तर आत्तापासून कण्हतेय. मला द्या ना ही. तुम्हाला काय, तुमच्या हातचा मळ. दुसरी कराल."

कौतुक ऐकलं की हा माणूस लोण्यासारखा वितळायचा. त्यातून समोरचा अडलेला, आणि आपल्या हातचा माल देशभर फिरून येणार! मास्तरांनी स्वतः पाना घेतला आणि सीट चष्मेवाल्याच्या गाडीवर घट्ट बसवून दिली. चष्मेवाल्याने जाऊन लगेच बायकोला आणलं, मागे बसवलं आणि एक चक्कर मारायला निघाला.

थोड्या वेळाने मास्तरांची बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुकानात शिरली. तिने रिकाम्या टेबलाकडे बघितलं.

"दिली?"

"अगं, त्यांना उद्या निघायचंय. अडले होते बिचारे. आपलं काय, घरचंच काम. पुढच्या आठवड्यात दुसरी करू."

"बरं," ती म्हणाली. पिशव्या ठेवल्या आणि मशीनवर जाऊन बसली. मास्तरांना वाटलं, काय समजूतदार बायको मिळालीय आपल्याला! अरे माणसा, एकदा तिच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंस.

तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. हॉटेलचे सोफे आले, दवाखान्याच्या खुर्च्या आल्या, शाळेच्या बसच्या सीटा आल्या. आधी ती "सीटचं काय झालं हो?" म्हणून पिच्छा पुरवायची, ते बंद झालं. मास्तरांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला, तिला घाई नाही. पण त्यांना मात्र घाई होती. चष्मेवाला आणि आणखी दोघातिघांबरोबर ते फिरायला लागले. मागच्या फळीवर गाठोडं बांधायचे. बायकोच्या जागी गाठोडं, आणि ते गाठोडं कधी कुरकुरलं नाही. परत आले की मोबाइलवर फोटो दाखवायचे. सुरुवातीला ती एकेका फोटोवर थांबायची. "ह्या वळणाच्या पलीकडे काय होतं हो?" असं विचारायची. मास्तर सांगायचे आणि पुढच्या फोटोवर सरकायचे. नंतर नंतर ती नुसतं "छान" म्हणायला लागली. मधूनच मास्तर म्हणायचे, "तुझी सीट करायचीय गं." त्यावर ती म्हणायची, "हो, करा की." अशी किती वर्षं गेली ते त्यांनी मोजलंसुद्धा नाही.

मग एक दिवस कव्हर शिवता शिवता तिच्या डोळ्यांसमोर सुई गरगरा फिरायला लागली. मग मशीन, मग भिंत. ती स्टुलावरून खाली पडली. पुन्हा आठवड्याने तेच, पुन्हा तेच. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. "आतला तोल बिघडलाय. गोळ्यांनी आराम पडेल, पण हे परत परत येत राहणार. ह्यांच्या बाबतीत तरी मला पूर्ण बरं होण्याची खात्री वाटत नाही. मान एकदम मागे टाकायची नाही. आणि दुचाकीवर मागे बसणं, ते आता विसरा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने मास्तरांचा दंड धरला होता. खालच्या पायरीवर आल्यावर ती म्हणाली, "चला, मिटला तो प्रश्न."

"कसला प्रश्न?"

"सीटचा हो."

रागाने म्हणाली असती तर मास्तरांनी सोसलं असतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली. मास्तरांना तिच्या आजाराचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे, की ती सुटल्यासारखी बोलत होती. आता तिला वाट बघावी लागणार नव्हती.

त्याच दुपारी मास्तरांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि सीट करायला घेतली. गिऱ्हाइकांना हाताच्या खुणेनेच परत पाठवलं. फोम कापला, आवडला नाही, फेकून दिला, पुन्हा कापला. खडूच्या खुणा रंगकामात केव्हाच गेल्या होत्या, पण माप हातात होतं. एवढी वर्षं हातात असूनही काय उपयोग, असं स्वतःलाच शिव्या घालत ते काम करत राहिले. कव्हर शिवायला स्वतः मशीनवर बसले. पायपिंग वाकडी गेली. उसवली. पुन्हा वाकडी गेली.

वर पडल्या पडल्या बायकोने मशीनचा आवाज ऐकला आणि भिंत धरत, एकेक पायरी उतरत खाली आली. थोडा वेळ बघत उभी राहिली.

"दोरा ढिला करा थोडा. आणि कापड ओढू नका, जाऊ द्या आपसूक."

मास्तरांनी दोरा ढिला केला. पायपिंग सरळ गेली.

"आता कशासाठी हे?" तिने विचारलं.

"करायची राहिली होती," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सीट गाडीवर चढली. दुकानातच, स्टँडवर उभ्या गाडीवर. मास्तरांनी उभ्या आयुष्यात केलेल्या कामांत ते सगळ्यांत चांगलं काम होतं, ह्यात वादच नाही. "बस ना एकदा," ते म्हणाले. त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन ती सांभाळून चढली. मास्तर पुढे बसले, सवयीने हँडल धरलं. समोर अर्धं शटर, आणि त्याखालून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते पाय दिसत होते.

"पाठ टेकली हो," ती मागून म्हणाली. "त्या दुकानातल्या गाडीपेक्षा भारी केलीत."

"चुकलं माझं. तीच घ्यायला हवी होती, भरलेली."

"गाडीचं काय घेऊन बसलात? साधी द्या म्हणून मीच तर सांगितलं होतं." मग ती म्हणाली, "ती हिरवी सीट गेली ना, तेव्हा मी कोपऱ्यावरच उभी होते, पिशव्या घेऊन. ती बाई कशी मजेत टेकून बसली होती! मी शिवलेल्या गादीवर. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत."

मास्तरांना मागे वळायचा धीर झाला नाही. "विचारलं असतं तर दिली असतीस?"

"दिली असती. म्हणून तर विचारायचं."

आपण हिला फसवलं, असं मास्तरांना वाटलं, आणि ते खरंच होतं. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत ते म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत जाऊ या? अगदी हळू नेतो. चालत्या माणसाच्याही मागे राहीन."

तिने होकारासारखा हुंकार दिला. मास्तर शटर वर करायला उतरणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, डोकं कुठपर्यंत टेकतं ते तर बघू दे," आणि तिने मान मागे नेली.

पुढच्याच क्षणी तिने दोन्ही हातांनी मास्तरांचा शर्ट गच्च धरला. "अहो, थांबवा! थांबवा हो गाडी!"

गाडी जागची हललीसुद्धा नव्हती.