मल्टी मोडल आणि राहिलेला अनुस्वार

आता स्वतःच्या फजितीची जाहिरात कुठला दुकानदार करतो? पण चहा मागवलाच आहे, तर ऐका!

जेट्टीजवळ माझं दोरखंड-बादल्यांचं दुकान. शाळा सातवीत सुटली, तरी सरकारी कागद वाचायला अख्खं गाव माझ्याकडे येतं. पारूबाय तर रोजचीच. खाडीपलीकडून मासळीची टोपली घेऊन ती लाँचने येते, आणि महामार्गाने पेणला जाणारी एसटी तिच्या डोळ्यांदेखत सुटते! पुढची गाडी दोन तासांनी. तोवर उन्हात त्या मासळीचं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

एके दिवशी ग्रामपंचायतीचा मेसेज आला : 'महामार्ग पट्ट्यासाठी मल्टी मोडल आराखडा. ग्रामस्थांनी सूचना घेऊन यावे.'

"शेट, काय लिवलाय?" पारूबायने विचारलं.

"सोपं आहे! मल्टी म्हणजे पुष्कळ. पुढे 'मोडलं', फक्त अनुस्वार राहिलाय, पंचायतीचं नेहमीचंच! पुष्कळ मोडलंय हे सरकारने शेवटी कबूल केलं. काय काय मोडलं ते दाखवायचं."

"मंग मोडलेलाच नेव ना!"

झालं! सभेला आम्ही वाजतगाजत निघालो. जेट्टीची कुजलेली फळी, एसटी थांब्याची वाकलेली पाटी, सायकलचं तुटकं पेडल, महामार्ग ओलांडताना तुटलेली पारूबायची चप्पल! मी स्वतः लाँचच्या तिकीटखिडकीतली लंगडी खुर्ची डोक्यावर घेतली होती. सगळं सामान आराखडेवाल्या मॅडमच्या पुढ्यात मांडलं.

"काका, हे काय?"

"तुम्हीच विचारलंत ना, काय काय मोडलं?"

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. मग समजावलं, "मोड म्हणजे प्रवासाचा प्रकार. पायी, सायकल, एसटी, लाँच. सगळ्यांचा मिळून एक आराखडा."

अख्खी सभा खो खो हसली. मी? जेट्टीवरून थेट खाडीत उडी मारावी असं वाटलं!

पण मॅडम त्या ढिगाकडे बघतच राहिल्या. "थांबा हो! फळी म्हणजे लाँच, पाटी म्हणजे एसटी, पेडल, चप्पल… सगळे मोड आहेत की इथे!"

पारूबाय पुढे सरसावली. "हायत, पन जुलत कुठं? लाँच लागली का येष्टी पलते! त्या दोघींची सोयरीक जमवा, बास!"

मॅडमनी नकाशावर जेट्टीपासून थांब्यापर्यंत लाल रेघ ओढली. आराखड्याचं पहिलं कलम आमच्यासमोर लिहिलं : एसटीचा थांबा जेट्टीजवळ आणायचा, आणि लाँच लागल्याशिवाय एसटी सोडायची नाही. पारूबायने टोपली खाली ठेवून टाळी वाजवली!

"काकांमुळे झालं हे. बसा काका, बसा!" मॅडम म्हणाल्या.

माझी छाती कशी फुगली म्हणता! मी ऐटीत हात मागे नेला, हाताला लागली ती खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसलो.

कडाड्!

डोक्यावरून स्वतः वाहून आणलेली लंगडी खुर्ची मी विसरलो होतो. मी जमिनीवर आडवा, आणि वरून पारूबायचा आवाज,

"मॅडम, लिवा आजून येक… शेट पन मोडला!"