कॉफीच्या डब्यातल्या पुंगळ्या

डेलमार फेटरॉल्फची गोळी चुकली, की दोष पुंगळीचा. वाऱ्याचा नाही, रायफलीचा नाही, आणि डेलमारचा तर मुळीच नाही. पाइन रनच्या नेमबाजी क्लबात सगळ्यांचीच ही रीत होती. हजार यार्डांवरच्या लक्ष्यात नऊ गोळ्या मधोमध बसायच्या आणि एखादी भरकटायची. मग त्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी बाजूला काढायची, त्रिकोणी कानशीने तिच्या बुडाच्या कडेवर खाच पाडायची आणि तिला कायमची बाद करायची. एरवी पुंगळीत नवी दारू आणि गोळी भरून ती पुन्हा वापरायची, पण खाच पडलेली पुन्हा भरायची नाही, हा नियम. पितळ काही उलट बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांची छान सोय झाली होती.

सोय नव्हती ती एकट्या व्हर्डाची. कारण डेलमारच्या पुंगळ्या तयार करायची ती, त्याची बायको.

व्हर्डाने उभी हयात गावातल्या शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात घातली होती. कॉलरीची दोन टोकं सारखी आली नाहीत तर शर्ट परत यायचा, त्यामुळे तिच्या बोटांना केसभर फरकही कळायचा. कारखाना बंद पडला त्याच सुमारास दुधाचा टँकर चालवून चालवून डेलमारची बोटं आखडली. बारीक काम त्याला जमेना, आणि जवळचं दिसणंही कमी झालं. मग पुंगळ्या तयार करायचं तळघरातलं टेबल व्हर्डाकडे आलं. डेलमारला वाटलं, बायको आपल्याला मदत करतेय. व्हर्डाला मात्र ते काम मनापासून आवडलं होतं. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्याने कधी विचारलंही नाही.

काम होतंही तसं. एकदा बार उडाला, की पुंगळी रायफलीच्या पोटात फुगून त्याच रायफलीच्या मापाची होते. ते माप मोडायचं नाही, फक्त मान किंचित आवळायची. त्याआधी काजळी पुसायची. मान ज्योतीवर धरून तापवायची, म्हणजे कडक झालेलं पितळ मऊ पडतं. जास्त तापलं तर पुंगळी वाया, कमी तापलं तर मेहनत वाया. मग लांबी सारखी करायची, छोट्या हातलेथवर मान फिरवून सगळीकडून जाडी एक करायची, बुडाची खोबण खरवडायची आणि शेवटी वजनाप्रमाणे लावून ठेवायच्या. रेडिओवर बेसबॉल लावून व्हर्डा तासन्‌तास बसायची. जेवायला हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही.

त्या उन्हाळ्यात डेलमारच्या गोळ्या फार भरकटल्या. दर शनिवारी दोनतीन पुंगळ्या खाच पडून घरी यायच्या आणि फळीवरच्या कॉफीच्या जुन्या डब्यात खणकन पडायच्या. व्हर्डाच्या काळजात त्या आवाजाने कळ उठायची.

सप्टेंबर संपता संपता एकदा डेलमार जेवताना म्हणाला, "हार्लनने मशीन घेतलंय. बटण दाबलं की पुंगळ्या आपोआप तापतात."

हार्लन योस्ट म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त आणि क्लबातला शेजारी.

"मग त्याच्या गोळ्या गाईंच्या कुरणात का पडतात?" व्हर्डाने बटाटे वाढत विचारलं.

"चेष्टा नको करूस. मी म्हणतोय ते ऐक. शेवटच्या स्पर्धेतही असंच झालं, तर पुढच्या वर्षापासून पुंगळ्या हार्लनकडे देऊ. तुलाही जरा आराम."

"मी मागितला का आराम?"

"तसं नाही गं. वय झालं आता आपलं."

"वय तुझं झालंय, डेलमार. पुंगळ्यांची मान मी धरते, रायफल तू धरतोस."

डेलमारने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात त्याचा हात कुणी धरूच शकलं नसतं. व्हर्डाला राग तर आलाच, पण रागापेक्षा वाईट फार वाटलं. ते टेबल गेलं, तर दिवसभर करायचं काय? चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या शिवायच्या?

दुसऱ्या दिवशी तिने कॉफीचा डबा खाली काढला. बाद झालेली एकेक पुंगळी भिंगाखाली फिरवली. वाकवलेली तार आत घालून बुडाशी पितळ कुठे झिजलंय का, ते चाचपलं. एक मानेशी चिरलेली निघाली, ती तिने चेपून फेकली. बाकीच्यांत काडीचाही दोष नव्हता. व्हर्डाने नेहमीइतक्याच जिवापाड त्या तयार केल्या, बुडाशी बार पेटवणाऱ्या नव्या टोप्या बसवल्या, दारू मोजून भरली, गोळ्या चढवल्या आणि स्पर्धेच्या पेटीत ओळीने लावल्या. बेत साधा होता. स्पर्धा झाली की क्लबाच्या जेवणघरात सगळ्यांसमोर पेटी उपडी करायची आणि खाचा दाखवायच्या. डेलमारची चारचौघांत फजिती झाली तर होऊ दे.

स्पर्धेच्या दिवशी डोंगरावर धुकं होतं आणि मेपलची पानं लाल झाली होती. हार्लन हातात एक पेटी घेऊनच आला. डेलमारच्याच जास्तीच्या पुंगळ्या नेऊन त्याने आपल्या मशीनवर तयार करून आणल्या होत्या.

"असू देत जवळ, लागल्याच तर," तो म्हणाला आणि व्हर्डाकडे बघून हसला. "राग नाही ना, व्हर्डा?"

"राग कसला? पेटी छान आहे," व्हर्डा म्हणाली.

सकाळच्या फेरीत डेलमार आपल्या सतरंजीवर पालथा झोपला. तिकडे लक्ष्याखालच्या खड्ड्यातली माणसं प्रत्येक गोळीनंतर लक्ष्य खाली घ्यायची, भोकात चकती लावायची आणि पुन्हा वर करायची. दहाही वेळा चकती मधोमध वर आली. एवढे गुण त्याने आयुष्यात कधी मिळवले नव्हते. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"बघ, या वेळी तू मेहनत घेतलीस," तो मोठ्याने म्हणाला. "पुंगळ्या धड असल्या की कसं होतं ते पाहिलंस?"

"दर वेळी घेते," व्हर्डा म्हणाली. त्याने कानांवरची झाकणं काढलीच नव्हती.

दुपारी जेवणघरात चिकन-मक्याचं सूप आणि काकवीचा केक होता. गुणांचा कागद वाचायला डेलमारने चष्मा चढवला, आणि चष्मा नाकावर असतानाच रिकाम्या पुंगळ्या पेटीत नीट लावायला घेतल्या. त्याचा हात थांबला. त्याने एका पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवला. मग दुसरीच्या, तिसरीच्या. व्हर्डाचा चमचा तिथेच राहिला. हीच वेळ होती, सगळे समोर बसले होते. पण तिने पेटी उपडी केली नाही.

"डब्यातल्या?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"सगळ्या?"

"एक चिरलेली होती, ती फेकली. बाकीच्यांत दोष नव्हता. कधीच नव्हता."

"दुपारच्याही याच?"

"त्याही."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं, तर हात लावला असतास?"

डेलमार केक तसाच टाकून बाहेर गेला. व्हर्डाला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

अंतिम फेरीला वारा उठला होता. हार्लनला कशाचीच कल्पना नव्हती. त्याने आपली पेटी डेलमारच्या सतरंजीशी, व्हर्डाच्या पेटीला लागूनच ठेवली. व्हर्डा मागच्या बाकावर बसून बघत होती. डेलमारने दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. हाताला जवळ हार्लनचीच होती. त्याने हात लांबवून व्हर्डाची उघडली. या वेळी चष्मा घालून तो प्रत्येक काडतूस उचलत होता, अंगठ्याने खाच चाचपत होता आणि मगच रायफलीत सारत होता. जरा चूक झाली तर दोष द्यायला आता काहीही उरलं नव्हतं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

नऊ चकत्या मधोमध आल्या. शेवटच्या गोळीच्या वेळी वारा दाखवायला लांबच्या खांबावर लावलेलं फडकं एकदम खाली पडलं, म्हणजे वारा थांबला. व्हर्डाला ते बाकावरूनही दिसलं. थांब, ती मनात म्हणाली. पण बार उडाला. चकती वर आली ती कडेला. पलीकडच्या खोऱ्यातला एक गवंडी एका गुणाने जिंकला.

हार्लन धावत आला. मैत्रीखातर त्याने कानस आधीच खिशातून काढली होती.

"दे इकडे. मी पाडतो खाच."

"हिला आहे आधीच," डेलमार म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे पुंगळीचं काही नाही, हार्लन. फडकं पडलेलं मला दिसलं होतं. थांबायला हवं होतं, मीच घाई केली." हे तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला. मग तितक्याच मोठ्याने पुढे म्हणाला, "उन्हाळाभर चुका मीच करत होतो."

रांगेतले दोघेतिघे आपापल्या बुटांकडे बघू लागले. हार्लन हातात कानस धरून तसाच उभा.

"तुझी तब्येत बरी आहे ना?" त्याने काळजीने विचारलं.

डेलमारने ती कोमट पुंगळी व्हर्डाच्या तळहातावर ठेवली. तिने ती पेटीत इतरांच्या शेजारी लावली आणि झाकण बंद केलं.

घरी येताना ट्रक पुलापाशी आल्यावर डेलमारने विचारलं, "त्या डब्यात अजून काही शिल्लक आहेत?"

"नाही. रिकामा आहे."

"मग कॉफी भर त्यात."

"गंजलाय तो," व्हर्डा म्हणाली. डोळे भरून आले होते, म्हणून तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. "खिळे ठेवीन."

"ठेव," डेलमार म्हणाला. "आणि ती कडेला गेलेल्या गोळीची पुंगळी आहे ना, ती वसंतातल्या पहिल्या स्पर्धेला मला सगळ्यात आधी दे."