आईच्या डोळ्यांना पटलेला लॅपटॉप

आमच्या गावात पेपर नागभीडहून सकाळच्या बसने येतो. तो आला की आधी आईच्या हातात जायचा. आई सातवी शिकलेली. धानाची शेती, गुरंढोरं, चूल, सगळं उरकून ती पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. दुपारी शेजारच्या बाया ओसरीवर येऊन बसायच्या आणि ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. धानाचा भाव, कुठल्या गावात काय झालं, आणि मुख्य म्हणजे वाघ कुठे दिसला. बायांना सरपणासाठी, मोहफुलांसाठी जंगलात जावं लागतं. उद्या कोणत्या बाजूला जायचं नाही, ते आईच्या ओसरीवर ठरायचं.

मी गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला आहे. आई गावी दादाजवळ, म्हणजे माझ्या थोरल्या भावाजवळ राहते. धान कापणीच्या दिवसांत एकदा दादाचा फोन आला. तो एरवी फोनवर फार बोलत नाही.

"आईचं काही खरं नाई," तो म्हणाला. "भाजीत तिखट दोनदा टाकते. काल मावशी समोरून आली तं तिले ओळखलं नाई. पेपर घेऊन बसते, पण काय वाचलं विचारलं तं सांगतच नाई. मले वाटते, तिच्या डोक्यावर परिणाम होऊन राह्यला."

मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, त्याच गावात दिलेली. तिला ओळखलं नाही, हे मी दादाला पुन्हा एकदा विचारून घेतलं. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. पुढे ते घरचा रस्ता विसरले.

सुट्टी काढून मी गावी गेलो. आई ओसरीत पेपर उघडून बसली होती. मी विचारलं, "काय लिहिलंय आज?"

"तेच ते," ती म्हणाली आणि पेपराची घडी घातली. ओसरीवर एकही बाई नव्हती. वहिनीने हळूच सांगितलं की बाया येईनाशा झाल्या, कारण आई आता वाचूनच दाखवत नाही. डोकं दुखते म्हणते.

दोन दिवस मी तिच्यावर नजर ठेवली. ती मला जुन्या गोष्टी बरोबर सांगत होती. धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी कमी पडलं, कोणत्या गाईला केव्हा वासरू झालं, सगळं तोंडपाठ. पण ताटातला भाताचा घास उचलताना तिची बोटं आधी ताटाची कड चाचपायची. आणि माझ्याशी बोलताना ती माझ्या तोंडाकडे न पाहता कानाच्या बाजूला कुठेतरी पाहायची. ते पाहिल्यावर मी तिला चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग मला बोलावून नीट समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. आजूबाजूचं दिसत होतं, नेमकं समोर पाहावं तेच दिसत नव्हतं. माणसाचा चेहरा, बारीक अक्षर, तिखटाचा चमचा, सगळं त्या मधल्या भागातलं. गेलेलं परत येणार नव्हतं, पण वाढ सावकाश होती.

"आणि डोकं?" मी विचारलं.

"डोक्याला काय झालंय?" डॉक्टर म्हणाले. "मला त्या मघापासून धानावरच्या रोगाबद्दल सांगताहेत. त्यांचं डोकं चांगलं आहे. अक्षर मोठं करून द्या, वाचतील."

मला तिथेच हसू फुटलं. आईने माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, पाहिलं. "हासून काऊन राह्यला? माहे डोळे गेले आन् तुले हासू येते?"

"आई, तू आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? म्हातारपण आलं का असंच होत असंल, असं वाटलं मले. सांगून तुमच्या जिवाले घोर काऊन लावाचा?"

अक्षर मोठं करायचं तर आधी माझा फोनच हाताशी होता. त्यावर बातमी उघडली, बोटांनी ताणून मोठी केली. आईला वाचता येईल एवढी केली की पडद्यावर जेमतेम दोन शब्द मावायचे. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवायची. "हे तं मुंगीनं पेपर वाचल्यासारखं झालं," आई म्हणाली आणि फोन परत दिला. तेव्हा लॅपटॉप घ्यायचं ठरलं.

कारखान्यातल्या पोरांना फोन करून विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. प्रोसेसर अमका घ्या, रॅम तमकी घ्या. मी सगळं डोक्यात साठवून आईला घेऊन चंद्रपुरातल्या एका दुकानात गेलो. माझ्या खिशाला झेपतील असे लॅपटॉप दाखवा म्हणालो. दुकानदाराने आमच्यासमोर नवेकोरे, पातळ, चकचकीत लॅपटॉप मांडले. एकेकावर मी मराठी बातमी उघडायची, अक्षर वाढवायचं आणि आईने पाहायचं.

"काय दिसतं?"

"माहाच चेहरा दिसते," आई म्हणाली. "आन् वरची ट्यूबलाइट."

दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. पडदे आरशासारखे चमकत होते. दुकानदार उजेड कमी करून पाहू म्हणाला, पण आईला घरी ओसरीत, दिवसाच्या उजेडात वाचायचं होतं. माझा धीर सुटत चालला. आता हेही तिला जमणार नाही, असं वाटू लागलं.

तेवढ्यात आई खुर्चीवरून उठली आणि सरळ गल्ल्याकडे गेली. तिथे दुकानदाराचा स्वतःचा जुना लॅपटॉप होता, बिलं करायचा. काळा, जाडजूड, कडेला रंग उडालेला. तिने त्याच्या पडद्याजवळ नाक नेलं, मान जराशी वाकडी केली.

"ह्याच्यात दिसून राह्यलं मले," ती म्हणाली. "ह्याच्यात चमक नाई."

दुकानदार हसला. "आजी, तो माझा आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "असाच एक मागे आहे. ऑफिसात वापरलेला, आम्ही दुरुस्त करून विकतो. पण तुमचा मुलगा नवा पाहतोय म्हणून दाखवला नाही."

त्याने तो आणला. मोठा पडदा, अजिबात चमक नाही. जड होता आणि सुरू व्हायला नव्यापेक्षा जरा जास्त वेळ घ्यायचा, पण आईला तो कुठे हिंडवायचा नव्हता. दुकानदाराने पडदा काळा आणि अक्षरं पांढरी करून दिली. एका बातमीचा मथळा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आला. आई मान तिरकी करून बसली आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागली. अडखळत, पण एकेक शब्द. वाचता वाचता तिचा हात माझ्या हातावर आला आणि तिने तो घट्ट दाबला. मी प्रोसेसर विचारायचाच विसरलो.

घरी आणल्यावर वहिनीने आपल्या पाकिटातल्या लाल टिकल्या काढून अक्षर लहानमोठं करायच्या बटणांवर चिकटवल्या, म्हणजे आईच्या बोटांना त्या लागतील. अडचण इंटरनेटची होती. घरात चालणारं नेट दादाच्या फोनवर, आणि दादा शेतात गेला की नेटही त्याच्याबरोबर शेतात. पहिल्या दिवशी आई अर्ध्या बातमीवर अडकली आणि दादावर खवळली. मग दादानेच मार्ग काढला. सकाळी चहा होईपर्यंत तो बातम्या एकेक उघडून ठेवतो आणि मगच बांधीवर जातो. ज्या माणसाने कधी पेपर हातात धरला नाही, तो आता आईसाठी बातम्या निवडतो. "वाघाची आधी लाव," असं आई त्याला चुलीजवळून ओरडून सांगते. बाया पुन्हा येऊ लागल्या आहेत. पडदा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे आई एखादा शब्द चुकली तर त्या बायांच्या शिकलेल्या सुना मध्येच दुरुस्त करतात आणि आई त्यांना गप्प बसवते.

उन्हाळा लागता लागता तिला पुन्हा डॉक्टरांना दाखवायचं होतं. बाहेरच्या बाकावर ती शांत बसली होती, माझेच पाय हलत होते. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला आणि म्हणाले, आहे तसंच आहे, वाढलेलं नाही. सहा महिन्यांनी या.

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. आई पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "चाल, भूक लागली. सकाळपासून पोटात काई नाई, तिथं घाबरून बसली होती मी."

"तू घाबरली होतीस? मला तर काही दिसलं नाही."

"तुले कसं दिसंल? तू सोताच घाबरून राह्यला होता."

आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर आलुपोहे घेतले. आईने वरून तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा, मागून घेतली आणि बशी पुसून खाल्ली.