जित्या लेकरांची चौकशी

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात गाडीतून अनोळखी माणूस उतरला, की तो शेतकऱ्याच्या आत्महत्येची चौकशी करायलाच आलाय, असं लोक धरून चालत. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि अमरावतीच्या एका पाहणीत नोकरीला लागले होते. हिवाळ्यात तान्ह्या मुलांना जो श्वासाचा आजार होतो, तो कोणत्या विषाणूचा, कोणत्या महिन्यांत वाढतो, कोणत्या वयाला जास्त धरतो, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी मुलांच्या नाकातला स्राव घ्यायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि तपासणीला पाठवायचा.

हिवरखेडला एका घरासमोर थांबले, तर ओट्यावर बसलेले आजोबा मान वर न करता म्हणाले, "आमच्या घरी कोणी मेलं नाई. समोर जा."

"मी लहान लेकरांसाठी आलेय, बाबा. जिवंत लेकरांसाठी."

"जित्याले कोन इचारते?" ते म्हणाले. पण आतून सूनबाईनं हाक मारली.

तिच्या मांडीवर दोनेक महिन्यांची मुलगी होती. श्वासागणिक तिच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. शेजारी बसलेली थोरली बहीण, शेंबडानं भरलेल्या नाकानं, तिच्या तोंडाला तोंड लावून लाड करत होती.

"सर्दी हाय. काल डाक्टरनं इंजेक्शन देल्लं," आई म्हणाली. ती कापूस वेचायला निघाली होती.

"दूध पिते?"

"सकाळपासून तोंड फिरवून राहिली."

मी म्हटलं, हिला आत्ताच अकोल्याला न्यावं लागेल, ऑक्सिजन लावावा लागेल. तर दारातून आजोबा, "सर्दीसाठी अकोला? उद्या शिंकली तं मुंबईले न्याल काय?"

माझा पारा चढला. हात धरूनच त्यांना आत आणलं आणि म्हटलं, "हे बघा. मोठ्यांना ही सर्दीच असते. हिच्या नळ्या काडीएवढ्या आहेत, त्या बंद होताहेत." ते बघत राहिले. मग टोपी घालून गाडीकडे निघाले.

आमचा ड्रायव्हर अकोल्याच्या जुन्या शहरातला. तो म्हणाला, "मॅडम, ये गाडी सर्व्हे की है. साहब चिल्लाएंगे."

"ओरडू देत."

अकोल्यात वॉर्डात पाय ठेवला आणि थक्क झाले. एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं, सगळी त्याच वयाची, सगळ्यांच्या छातीत तीच शिट्टी. मी दिसेल त्या लेकराच्या नाकातला नमुना घेत, त्याच्या आईला विचारत सुटले, आणि बहुतेकींचं उत्तर एकच: आधी घरातल्या मोठ्या पोराला सर्दी झाली होती. तिथल्या डॉक्टरला हे सांगितलं, तर तो वैतागून म्हणाला, "न्यूमोनिया लिहा आणि बाजूला व्हा, मॅडम. मला सलाइन लावायचंय." त्याचंही चुकत नव्हतं. एकटाच होता बिचारा.

मुलीला ऑक्सिजन मिळाला. हळूहळू ती दूध प्यायला लागली आणि घरी गेली. अमरावतीला मला बोलणी बसली. गाडी का नेली? वॉर्डातली मुलं आपल्या पाहणीतली नाहीत, त्यांचे नमुने कशाला घेतलेस? मी म्हटलं, विषाणूला आपल्या पाहणीची हद्द माहीत नाही. त्यावर आणखी बोलणी बसली.

तपासणीचं उत्तर आलं ते ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गावात एकही लेकरू खोकत नव्हतं. त्या मुलीत आणि वॉर्डातल्या बहुतेक लेकरांत एकच विषाणू होता, आरएसव्ही. मी मुद्दाम हिवरखेडला जाऊन त्या आईला सांगितलं.

"औषध काय त्याच्यावर?"

"त्या विषाणूवर औषध नाही. श्वास सांभाळायचा, दूध चालू ठेवायचं."

"मंग त्याचं नाव घेऊन मी काय करू?"

"पुढच्या हिवाळ्यात घरात कोणाला सर्दी झाली, तर तान्ह्याला त्याच्यापासून दूर ठेवायचं."

तिनं पाठीमागे हात केला. घर म्हणजे ती एकच खोली होती. "दूर कुठं ठेवू, तुमीच दाखवा."

मला तिचाही राग आला, अमरावतीचाही. बॅग उचलली, तेवढ्यात ती म्हणाली, "बाजूच्या घरची सून दिवाळीत बाळंत होनार हाय. फासळ्याचं तिले सांगा. खड्डा पडला तं गाडी पाहाची, इंजेक्शन नाई. मी सांगतलं तं आयकत नाई ते."

शेजारच्या घरी गेले. तिथल्या सासूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आमच्या घरी कोनाले सर्दी नाई."

मी आत जाऊन बसलेच.