पुढची रिकामी जागा

निजामाच्या अमलात नगरहून आमच्या कडा गावाला येणारी मोटार कधी वेळेवर निघालीच नाही. खचाखच भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायचा नाही, पण पुढची, आपल्या शेजारची जागा मात्र कुणाला द्यायचा नाही. ती सरकारी अंमलदारांसाठी, मग अंमलदार असो वा नसो. माझं डोकं फिरायचं.

त्या दिवशीही मी मागं अंग चोरून बसलो होतो. मुलांची जुनी चित्रमासिकं जमवायचा मला नाद. रद्दीवाल्याकडून घेतलेला गठ्ठा मांडीवर होता. मोटार भरेपर्यंत करायचं काय, म्हणून प्रत्येक अंकावर माझं नाव, गाव, आळी लिहीत बसलो. हरवला तर परत यावा.

हद्दीच्या नाक्यावर शिपायानं गठ्ठा चाळला. एका अंकावर तिरंगा घेतलेला पोरगा होता, आणि निजामाच्या हद्दीत तिरंग्याला बंदी.

"हे काहून आणलं?"

"पोरांचं हाय, जमादार," मी म्हणालो.

त्यानं तेवढा अंक ठेवून घेतला आणि बाकीचे हसून परत दिले. ते हसणं मला आवडलं नाही. त्या अंकावरही माझं नाव, गाव, आळी लिहिलेली होती.

मग मी रोज पारावर बसून मोटारीची वाट बघू लागलो. आठव्या दिवशी ती वेळेवर आली, आणि पुढची जागा भरलेली होती.