खोळीत भरलंय काय

लामारा अंडी घेताना प्रत्येक अंडं कानाशी नेऊन हलवायची. अंडीवाली दरवेळी तेच म्हणायची, "बाई, आत झालं तर पिल्लू असेल, पोलीस नसेल." लामारा हसायची नाही, पुढचं अंडं उचलायची. लग्नाची स्थळंसुद्धा तिनं अशीच हलवून हलवून परत पाठवली, असं अंगणातल्या बायका म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्बिलिसी शहरातल्या ज्या जुन्या अंगणात ती राहायची तिथं नळ एक, तळघर एक, आणि एकीनं कांदा परतला की चौघींना भूक लागायची. अशा ठिकाणी शेजाऱ्यांवर संशय धरून राहणं सोपं नसतं. पण लामाराला पगारच संशय घेण्याचा मिळायचा. शहरातल्या एका फाजच्या प्रयोगशाळेत ती तपासणीला होती. फाज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. पोट बिघडलं, जखम चिघळली की तिथल्या घरोघरी फाजची कुपी फोडतात, आपण हळद लावतो तितक्या सहज. नदीच्या नाहीतर गटाराच्या पाण्यातून कुणी नवा फाज शोधून आणला की सगळे त्याची पाठ थोपटत, आणि मग तो फाज लामाराच्या टेबलावर येई. ती त्याच्याकडे नव्या भाडेकरूकडे बघावं तशी बघे. बोलतोय गोड, पण बरोबर सामान काय आणलंय?

त्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवसांत समोरच्या सज्ज्यातल्या ओतियाचा पाय बिघडला. जन्मभर ट्रॉलीबस चालवलेला माणूस, त्यात साखरेचा आजार. उजव्या पायाच्या बोटांपाशी जखम झाली आणि ती भरेना. दवाखान्यातले डॉक्टर रोज मेलेलं मांस खरवडून पट्टी बदलत आणि घोट्याच्या वर बोट फिरवून दाखवत, म्हणजे इथून कापावं लागेल. त्या जंतूला औषधं लागू पडत नव्हती, प्रयोगशाळेच्या साठ्यातला एकही फाज लागू पडत नव्हता. शेवटी मेराबनं खाटीकबाजारामागच्या नाल्यातून एक फाज काढला. मेराब हा लामाराच्या शेजारच्या खोलीत काम करणारा तरुण, तिला मावशी म्हणायचा. बशीत वाढवलेल्या, ओतियाच्या जखमेतल्या जंतूंच्या दुधी थरावर त्याच्या फाजचा थेंब पडला की तिथं काचेसारखं स्वच्छ भोक पडे. ओतियाच्या बायकोला, पिक्रियाला, त्यानं ती बशी उजेडात धरून दाखवली. तिनं बशीचा मुका घ्यायचाच काय तो बाकी ठेवला.

आणि लामारानं तो फाज अडवला.

पिक्रिया अंगणात लोकर झोडत होती. हिवाळ्याआधी ओतियासाठी गादी भरायची होती. लामारा दिसली तशी काठी जास्तच जोरात पडायला लागली.

"काल मेराब म्हणाला, औषध तयार आहे. आज म्हणतो, मावशीला विचारा. ही मावशी कोण लागून गेली?"

"मला त्यात खोट दिसतेय, पिक्रिया."

"तुला देवाच्या चेहऱ्यातही दिसेल. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना बशीत!"

लामारा खाली बसली आणि तिनं गादीची रिकामी खोळ पुढ्यात ओढली. "हे बघ. फाज जंतूच्या पोटात शिरतो आणि तिथं स्वतःची पोरं घडवतो. आधी नुसत्या खोळी होतात, रिकाम्या. मग प्रत्येक खोळीच्या तोंडाशी एक इवलंसं यंत्र बसतं आणि धागा आत ओढायला लागतं. तो धागा म्हणजे फाजची सगळी अक्कल. हा असा," तिनं मूठभर लोकर आत कोंबली, "कोंबत जातं, कोंबत जातं, खोळ टम्म फुगेपर्यंत. भरली की धागा कापायचा, तोंडाला शेपूट जोडायची, की निघाला पुढच्या जंतूवर."

"मग चांगलंच आहे की! लोकर सांडू नकोस."

"मेराबच्या फाजचं यंत्र अर्धं आंधळं आहे. खोळ भरली की थांबायचं, एवढं त्याला बरोबर कळतं. धागा आपला की जंतूचा, हे ते दरवेळी बघत नाही. मधूनच एखाद्या खोळीत जंतूचाच धागा भरतो. बाहेरून तेच तोंड, तीच शेपूट. पण ती खोळ पुढच्या जंतूला मारत नाही. आधीच्याची विद्या त्याला शिकवते, औषधाला दाद न देण्याची. मी गरीब जातीच्या जंतूंवर सोडून बघितला. औषधानं मरणारे होते, त्यातले काही मरेनात."

"किती?"

"थोडे. अगदी थोडे."

पिक्रियानं काठी टाकली. "थोड्यांपायी माझ्या नवऱ्याचा अख्खा पाय? खरं सांग, कुणासाठी राखून ठेवलायस? कुण्या मंत्र्याचा पाय सडलाय का?"

"नदीच्या पाण्यातला दुसरा एक, याच जंतूवर चालणारा, तपासतेय. तो आधी जंतूचा धागाच कुरतडून टाकतो, मग खोळीत चुकून भरायला परका धागा उरतच नाही. फक्त सावकाश काम करतो. थोडे दिवस दे मला."

"माझ्याकडे काय मागतेस? त्या पायाकडे माग."

मेराबही वेगळं बोलला नाही. "मावशी, लाखात एखादी खोळ चुकत असेल. इथं पाय चाललाय माणसाचा." तो अगदीच चूक नव्हता, हे लामाराला कळत होतं.

त्या वर्षी वीज पाहुण्यासारखी यायची, त्यामुळे प्रयोगशाळेतले फ्रिज म्हणजे नुसती कपाटं झाली होती. लोक आपापल्या बाटल्या घरी नेऊन गारव्याला ठेवत. लामाराची लाकडी पेटी अंगणातल्या तळघरात, सगळ्यांच्या लोणच्यांच्या बरण्यांमागे असायची. मेराबच्या फाजची बाटलीही त्यातच होती. आता पिक्रिया तळघरात वरचेवर उतरायला लागली. एवढं लोणचं दोन माणसांच्या घरात कोण खातं? लामारानं ते हेरलं. बाटली उचलून नेली असती, तर पिक्रिया थेट मेराबकडे गेली असती आणि त्या भोळ्यानं दुसरी भरून दिली असती. म्हणून लामारानं बाटलीतला फाज काढून स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला आणि त्या बाटलीत, चिठ्ठी तशीच ठेवून, उकळून गार केलेलं मिठाचं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी खाली गेलेलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. लामाराला राग यायला हवा होता. तिला बरं वाटलं. आपण ओळखलं ते खरं निघालं, याचं समाधान घेऊन ती कामाला गेली आणि नदीच्या फाजवर पुन्हा वाकली.

तो फाज तपासणीतून सुटला त्या दिवशी ती लवकर घरी आली. ओतिया अंगणात पाय स्टुलावर टाकून एकटाच नार्दीच्या पटावर फासे टाकत बसला होता. ही त्याची दवाखान्यातून परतायची वेळसुद्धा नव्हती.

"आज दवाखाना नाही?"

"सोडला!" ओतियानं फासे खुळखुळवले. "बरं वाटतंय मला. पिक्रियाला कुठून तरी औषध मिळालंय, तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. त्या डॉक्टरांच्या हातातली कात्री बघायची आता कुणाला हौस आहे?"

"कधीपासून सोडलास?"

"ते मिळाल्यापासून."

लामारा वाकली. पट्टी बांधलेला पाय गुडघ्याकडे सुजत चालला होता आणि वास स्टुलापलीकडे येत होता. गप्प राहिली असती, तर नवी बाटली जुनीच्या जागी ठेवता आली असती. कुणालाही कळलं नसतं. पण दवाखाना सुटला होता, आणि तो पुन्हा सुरू करायचा तर आधी कारण सांगणं भाग होतं.

तिनं सज्ज्याकडे तोंड करून हाक मारली, "पिक्रिया, खाली ये! त्या बाटलीत फाज नाही. मीठपाणी आहे. मी भरलंय."

पिक्रिया हातातलं पातेलं तसंच घेऊन उतरली.

"मी चोरी करणार, हे तुला आधीच माहीत होतं?"

"संशय होता."

"आणि मी रोज ते ओतत होते, तू वरून बघत होतीस?"

"बाटली बघत होते. दवाखाना बंद केलात हे मला ठाऊक नव्हतं."

"बाटली बघत होती म्हणे!" पिक्रियानं पातेलं दगडावर आपटलं. "माणूस बघायचं सुचलं नाही?"

लामारानं पिशवीतून नदीच्या फाजची कुपी काढली. "हा घ्या. याची तपासणी झालीय. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"हात लावणार नाही मी! यात तरी काय भरलंयस, कुणी सांगावं? तूच म्हणतेस ना, बाहेरून सगळी सारखीच दिसतात?"

लामारानं कुपी तशीच पुढे धरून ठेवली. मग ओतियानंच हात पुढे केला. "मीठपाणी! आणि मी काल अख्ख्या अंगणाला सांगत होतो, बरं वाटतंय म्हणून." त्याला हसू आलं, ते दुखण्यानं अर्ध्यातच थांबलं. "पिक्रिया, अख्ख्या अंगणात ही एकटी अशी आहे की कुणावर, कशावर विश्वास ठेवत नाही. हिनं ही एक कुपी पास केलीय. दे इकडे. आणि गाडी बघ कुणाची तरी."

पाय वाचला. दोन बोटं गेली. डॉक्टरांनी मांस खरवडायचं, त्यावर फाजमध्ये भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवायच्या, असं थंडी सरेपर्यंत चाललं. सुटीच्या दिवशीची पट्टी लामारा घरी करायची. पिक्रिया दार उघडायची, बोलायची नाही.

ती बोटं तशीही गेली असती, की त्या मीठपाण्याच्या दिवसांनी नेली? लामारानं एका डॉक्टरला विचारलं, मग दुसऱ्याला. दोघांनीही खांदे उडवले. नळावर एकदा पिक्रियानंच तिला विचारलं, बादलीकडे बघत, "ते दिवस वाया गेले नसते, तर?"

"मला माहीत नाही."

"तुला? माहीत नाही?"

"नाही."

पिक्रियानं बादली उचलली आणि ती जिना चढून गेली. पुढच्या पट्टीच्या दिवशी लामारा गेली तेव्हा ओतियाच्या पायाशी तिच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. मांडली होती ती खिडकीसमोर, उजेड बरोबर लामाराच्या हातांवर पडेल अशी. पिक्रिया पलीकडे भिंतीला टेकून उभी राहिली, आणि पट्टीची शेवटची गाठ बसेपर्यंत तिनं त्या हातांवरची नजर काढली नाही.