पाकीट संपलं का?

गोळ्यांचे किस्से मी कुठे लिहून ठेवत नाही. लिहायला बसले तर नवं रजिस्टर मागावं लागेल, आणि सध्या आहेत तीच भरता भरता कंबर मोडते! पण महिन्याच्या मीटिंगला डहाणूला आम्ही सगळ्या सिस्टर जमलो, चहा आला, की एखादी सुरू करतेच, "अगं, माझ्याकडे काय झालं ऐक..." मग मीटिंग राहते बाजूला. डॉक्टर मॅडम दोनदा ओरडतात. तिसऱ्यांदा खुर्ची ओढून स्वतःच ऐकायला बसतात.

मी गंजाड-रानशेतच्या बाजूला उपकेंद्रात नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली. गोळ्यांचं पाकीट मी इतक्यांदा समजावलंय की झोपेतसुद्धा सांगेन. अठ्ठावीस गोळ्या. एकवीस पांढऱ्या, त्या दिवस राहू देत नाहीत. सात तपकिरी, त्या नुसत्या लोहाच्या. बाणाच्या दिशेने रोज एक, ठरलेल्या वेळेला. पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी नवं. यात चुकण्यासारखं काय आहे, सांगा बघू!

असं मला पहिल्या वर्षी वाटायचं.

आता हसू येतं, पण खरं सांगते, ते हसू टिकत नाही. कारण आमच्याकडे प्रत्येक गंमत एकाच जागी जाऊन संपते. एखादी बाई नको असताना पोटुशी, आणि समोर मी, डोक्याला हात लावून!

* * *

एक बाई तीन महिने न चुकता पाकीट न्यायची. आमची आशाताई भारती कौतुकाने सांगायची, "सिस्टर, अशा दहा बायका असत्या ना!" चौथ्या महिन्यात ती आली. उलट्या होतायत म्हणे. टेस्ट केली. दोन रेघा!

"अगं, गोळ्या रोज घेत होतीस ना?"

"रोज नाही. शनिवारी."

"शनिवारी?"

"नवरा वापीला कंपनीत. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो." मग मलाच समजावून सांगायला लागली, "घरात कोणी नसताना लाइट कशाला चालू ठेवायची, सिस्टर?"

मी भारतीकडे बघितलं. भारती छताकडे बघत होती.

* * *

दुसरी आली ती हातात पिशवी घेऊन. पिशवीत चार पाकिटं. चारही पाकिटांतल्या पांढऱ्या गोळ्या जशाच्या तशा, आणि तपकिरी सगळ्या गायब!

"या परत घ्या," ती म्हणाली. "तपकिरी मला मानवल्या. पांढऱ्या दुसऱ्या कोणाला तरी द्या, वाया नको जायला."

मी धाडकन खुर्चीत बसले. "कोणी सांगितलं तुला तपकिरीच खा म्हणून?"

"तुम्हीच! तुम्हीच म्हणालात, तपकिरी रक्ताच्या. मला रक्त कमी आहे, हेही तुम्हीच म्हणालात."

म्हणाले होते! दोन्ही म्हणाले होते. हिमोग्लोबिन तपासलं तर साडेअकरा. एकोणीस वर्षांत इतकं सुंदर हिमोग्लोबिन मी क्वचित बघितलं. आणि चौथा महिना लागलेला!

तेव्हापासून मी तपकिरी गोळ्यांचं एका शब्दाने कौतुक करत नाही.

* * *

रानशेतचा एक रिक्षावाला. बायकोची पाकिटं तोच न्यायला यायचा. नवरे उपकेंद्राची पायरीसुद्धा चढत नाहीत, हा बिचारा लाइनीत उभा राहायचा. मला फार बरं वाटायचं. एकदा सहज विचारलं, "बायकोला काही त्रास नाही ना गोळ्यांचा?"

"आता नाही. आधी तिला मळमळायचं खूप. म्हणून मग मीच घेतो."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय घेतोस?"

"गोळी. दोघांपैकी एकाने घेतली की झालं ना? ती पायी कामाला जाते, मी रिक्षात बसून असतो, मला झेपेल."

"अरे देवा! किती दिवस झाले?"

"दुसरं पाकीट चाललंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सिस्टर, मलाही मळमळतंच."

* * *

गंजाडमधल्या चिकूच्या व्यापाऱ्याची सून. शिकलेली, फोनमध्ये गोळीचा अलार्म लावलेला. मी इतर बायकांना तिचं उदाहरण द्यायचे. नवरात्रानंतर आली ती रडवेली होऊन.

"सिस्टर, नऊ दिवस राहिल्या गोळ्या."

"अलार्म बिघडला?"

"नाही, वाजायचा. पण माझे नऊ दिवस कडक उपास. सासूबाई म्हणाल्या, गोळीत काय काय घालतात कोणाला माहीत! उपासाला चालायची नाही."

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात, हे मी घसा बसेपर्यंत सांगते. पण नऊ? नऊ राहिल्यावर काय राहिलं! मी तिला विचारलं, "आणि तुझ्या नवऱ्याचाही उपास होता का?"

ती लाल झाली. "ते... ते फक्त अष्टमी करतात."

* * *

विडीचा किस्सा मात्र मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते. पस्तिशीच्या पुढची बाई विडी-सिगारेट ओढत असेल तर ही गोळी द्यायची नाही. रक्ताची गाठ होऊ शकते, अटॅक येऊ शकतो. म्हणून पाकीट द्यायच्या आधी आम्ही विचारतो.

"तंबाखू?"

"छे!"

"कधीच नाही?"

"देवाशपथ नाही."

मी लिहिलं, नाही. बीपीचा पट्टा आत विसरला होता म्हणून उठले, घेऊन आले, तर ही बाई तेवढ्यात बाहेर ओट्यावर बसून आरामात धूर सोडतेय!

"अगं ए! देवाची शपथ घेतलीस ना आत्ता?"

"मग? ही विडी आहे," ती माझ्यावरच डाफरली. "तंबाखू माझी सासू लावते, दाताला!"

बीपी निघालं एकशे सत्तर. पाकीट हातात द्यायला दोन मिनिटं राहिली होती! तिला तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घ्यायला डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. आता मी तंबाखू विचारत नाही. विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा, एकेक नाव घेऊन विचारते.

* * *

एक किस्सा मी मीटिंगमध्ये सांगत नाही. आज सांगते.

तलासरीकडून लग्न होऊन आलेली एक मुलगी. शनिवार नाही, उपास नाही, विडी नाही. रोज एक गोळी. पाकीट दाखवायची, रिकामी घरं मी स्वतः बघायचे. तरी दिवस राहिले. मला खरंच वाटलं, ती खोटं बोलतेय. बोलले तिला, चार बायकांसमोर बोलले.

ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी घरातला डबा घेऊन आली आणि माझ्या टेबलावर उपडा केला. त्यात टीबीच्या गोळ्या. माहेरी सुरू झालेल्या, तिकडूनच आई आणून द्यायची. टीबीच्या त्या औषधाने पोटातली ही गोळी निकामी होते, हे मला पाठ आहे!

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही विचारलं का? तुम्ही दर वेळी एवढंच विचारता, पाकीट संपलं का."

मुलगी झाली तिला. दोघी बऱ्या आहेत. मी तिची माफी मागितली, तीही चार बायकांसमोर.

* * *

आणि मग जयश्री.

जयश्रीच्या दुसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की ती वाचली हेच नवल. डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सिस्टर, हिला निदान तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत. पुन्हा असं झालं तर हातात राहणार नाही." बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर सगळं तपासून गोळी सुरू केली. तांबी तिला नको होती.

तिच्या सासूचा अख्ख्या पाड्यावर दरारा. मीसुद्धा तिच्या अंगणात आवाज खाली ठेवते. दोन नाती झालेल्या, नातू नाही, आणि ते ती येता-जाता ऐकवायची.

दोन महिन्यांनी जयश्री उपकेंद्रात आली आणि दार लोटून घेतलं. "सिस्टर, पाकीट पंधरा दिवसांतच संपतं."

"दोन दोन खातेस?"

"एकच खाते. मुलीची शपथ! पण दुसऱ्या दिवशी बघावं तर एक जास्तीची गेलेली. मग पुढचे पंधरा दिवस काहीच नाही. भारतीताई महिन्याने येते, सासूसमोर तिच्याकडे मागायची हिंमत नाही होत." तिने एकदा दाराकडे बघितलं. "आणि आठ दिवस वर झालेत."

नातवासाठी! नातवासाठी ही म्हातारी सुनेच्या गोळ्या फेकतेय! सुनेचा जीव गेला तरी चालेल!

टेस्ट लावली. ती पाच मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीवर डोळे लावून बसलो. जयश्रीने माझा पदर मुठीत धरला होता, लहान पोरीसारखा.

एकच रेघ. जयश्री ओक्साबोक्शी रडली. मीही रडले, काय लपवायचं!

मग माझा पारा चढला. भारतीला घेतलं, जयश्रीला घेतलं, आणि तडक तिच्या घरी. सासू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. आज नोकरी गेली तरी बेहत्तर, असं ठरवूनच मी तोंड उघडलं.

"आजी! सुनेच्या गोळ्या कुठे जातात? मरता मरता वाचलीय ती! नातू पाहिजे म्हणून जीव घेणार का तिचा? फेकता ना तुम्ही त्या गोळ्या? बोला!"

शेजारच्या बायका कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. जयश्री माझ्या मागे लपली. सासू हळूच उठली. हातावरचं मिरचीचं बी झटकलं. एकदा सुनेकडे बघितलं, एकदा कुंपणाकडे, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

"फेकीन कशाला? खाते मी," ती म्हणाली. "आजी, आजी काय करता, सिस्टर! एक्केचाळिसावं चाललंय मला. घरात सून आली म्हणून माझा नवरा काय घर सोडून गेला काय?"